जुन्या गाडीचा मागचा वायपर बंद पडलाय? नवी मोटर घेण्याआधी हे तपासा

सोलापुरात मागचा वायपर वापरून झिजत नाही, न वापरल्याने मरतो. वर्षाचा पाऊस बेताचाच, तोही जून ते ऑक्टोबर या काळात अधूनमधून. उरलेले सात महिने वायपर काचेवर नुसता पडून असतो. वर मे महिन्यातलं ४२-४३ अंशांचं ऊन, काळ्या मातीची बारीक धूळ आणि रविवारी पाइप लावून गाडी धुणं. त्या धुण्याचं पाणी शाफ्टच्या (वायपर फिरवणाऱ्या दांड्याच्या) कडेने आत झिरपतं, आतलं ग्रीस वाळून मेणासारखं होतं, आणि मृगाच्या पहिल्या सरीला बटण दाबावं तर मागे सामसूम.

गॅरेजमध्ये मग ठरलेलं उत्तर मिळतं, "साहेब, मोटर गेली, बदलून टाका." कधी ती खरंच गेलेली असते. पण जुन्या गाडीत बऱ्याचदा मोटर ठणठणीत असते आणि दुखणं दुसरीकडे असतं: डिकीच्या बिजागरीजवळ तुटलेली वायर, गंजून जाम झालेला शाफ्ट किंवा दाते गेलेला आर्म (ब्लेड धरणारा हात). ही तिन्ही कामं घरी, सुट्टीच्या एक-दोन दिवसांत होण्यासारखी आहेत. खालचा क्रम मात्र मोडू नका. सोपं आणि फुकट ते आधी, खोलाखोल नंतर.

जुनी वॅगनआर, स्विफ्ट, सँट्रो, आय१०, इंडिका, सुमो, स्कॉर्पिओ, क्वालिस, इनोव्हा, टवेरा अशा कुठल्याही गाडीला हा क्रम चालतो. स्क्रूच्या जागा आणि वायरींचे रंग बदलतात, यंत्रणा तीच. डिकी बाहेर आलेल्या गाडीला मागचा वायपर सहसा नसतो, कारण तिला त्याची तेवढी गरज नसते. मागून सरळ कापल्यासारखी असलेली गाडी धावताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेलं चिखलपाणी ओढलं जाऊन थेट काचेवर बसतं. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी माखलेल्या रस्त्यावरून पंढरपूरला जाऊन आलात तर पाऊस नसतानाही मागची काच आंधळी होते.

एक घोळ आधीच मिटवू. काचेवर पाणी उडवतो तो वॉशर आणि नटाखाली बसते ती चकती वायसर. पुढे दोन्ही शब्द याच अर्थाने येतील.

काय काय लागेल

हत्यारं: १० मिमीचा बॉक्स पाना (काही गाड्यांना ८, १२ किंवा १३), चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, सर्क्लिप (शाफ्ट जागेवर धरणारी स्प्रिंगसारखी कडी) काढायची बारीक पक्कड, मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प विकत घ्यायची गरज नाही. १२ व्होल्ट ५ वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडल्या की झाला.

सामान: गंज सोडवणारा स्प्रे (डब्ल्यूडी-४० किंवा तसाच दुसरा), लिथियम ग्रीस, ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, दीड चौरस मिमीची मऊ बहुतारी वायर दोन मीटर, सोल्डर, श्रिंक स्लीव्ह (गरम केली की वायरीवर आवळून बसणारी नळी), १० अँपिअरचे दोन फ्यूज आणि डिकीच्या पॅनेलच्या पाच-सहा जादा क्लिपा. क्लिपा आधीच आणून ठेवा. जुन्या गाडीच्या दोन-तीन तुटणारच.

काचेखाली आणि बंपरवर पसरायला एक जाड टॉवेल. सोलापूरच्या घरात जुन्या टॉवेलची वानवा नसते.

कागद: आरसी बुकाची प्रत किंवा मोबाइलवर काढलेला त्याचा फोटो. सुटा भाग घ्यायची वेळ आली तर काउंटरवर १७ अक्षरी चेसिस नंबर आणि गाडी बनल्याचा महिना सांगावा लागतो. "२००९ची स्विफ्ट" एवढ्यावर कुणी भाग देत असेल तर तो तुमच्या गाडीला बसेलच असं नाही. एकाच मॉडेलमध्ये मधल्या काळात कपलर (वायरी जोडायचं सॉकेट) बदललेले असतात.

१. लक्षण नीट ओळखा

बटण दाबा, रेडिओ बंद ठेवा आणि मागे कान द्या. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला तरी बटण दाबायला सांगून तुम्ही डिकीपाशी उभे राहा. इग्निशन चालू हवं. काही गाड्यांत डिकी उघडी असताना मागचा वायपर मुद्दामच बंद ठेवलेला असतो, म्हणून पहिली चाचणी डिकी बंद ठेवून करा. डिकी उघडून अर्धा तास वायर शोधत बसणं आणि नंतर हे कळणं, हा नवख्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

– आवाजच नाही: फ्यूज, वायर, अर्थ (करंट बॉडीत परत नेणारी वायर) किंवा मोटरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला वीज देणारे छोटे ठोकळे).
– "घूंऽ" असा दबलेला आवाज, हालचाल नाही: शाफ्ट जाम.
– मोटर मोकळी फिरल्याचा आवाज, आर्म जागचा हलत नाही: आर्मचे दाते गेले किंवा आतल्या गिअरचे.
– फार हळू चालतो, मध्येच अडखळतो: शाफ्ट कोरडा किंवा वायरीत व्होल्टेज गळतंय.
– बटण बंद केल्यावर काचेच्या मध्येच थांबतो: पार्किंगची (बटण बंद केल्यावर वायपरला ठरल्या जागी नेऊन थांबवणारी) वायर किंवा मोटरमधली पार्किंगची चकती.
– डिकी आपटल्यावर चालतो, पुन्हा बंद पडतो: बिजागरीजवळची वायर. जवळपास डोळे मिटून सांगा.

दबलेला आवाज येत असेल तर दोन-तीन सेकंदांच्या वर बटण दाबून ठेवू नका. अडकलेली मोटर नेहमीच्या दोन-चार अँपिअरऐवजी कितीतरी जास्त करंट ओढते आणि आतली वाइंडिंग (तांब्याच्या तारेची गुंडाळी) तापते. जाम शाफ्टची मोटर "बघू सुटते का" म्हणत दाबून दाबून जाळलेली असते, मग ती खरोखरच बदलावी लागते.

२. फ्यूज

स्टिअरिंगखालच्या किंवा बॉनेटमधल्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. मागच्या वायपरचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो आणि काही गाड्यांत तो दुसऱ्या एखाद्या यंत्रणेबरोबर सामाईक असतो. काढून उजेडात धरा, आतली तार तुटलेली दिसेल. तार शाबूत असली तरी त्याचे पाय हिरवट झालेत का बघा. पॉलिश पेपर मारून परत बसवा.

उडाला असेल तर त्याच अँपिअरचा नवा टाका आणि तो कधी उडतो याकडे लक्ष द्या. नुसतं इग्निशन चालू करताच उडाला तर कुठेतरी उघडी पडलेली वायर बॉडीला लागतेय. बटण दाबल्यावर काही सेकंदांनी उडाला तर शाफ्ट जाम आहे. १० च्या जागी २० चा टाकून वेळ मारून नेऊ नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती वायर छताच्या कापडाखालून गेलेली असते.

३. आर्म काढा

शाफ्टवरचं प्लास्टिकचं टोपण उचला, खाली नट दिसेल. नटाला हात लावण्याआधी ब्लेड काचेवर जिथे विसावतं तिथे मास्किंग टेप चिकटवा. परत बसवताना हीच खूण कामाला येते.

नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, दोन आटे राहू द्या. अडकलेला आर्म झटक्यात सुटला तर नट त्याला अडवतो, नाहीतर आर्म थेट काचेवर किंवा तुमच्या नाकावर येतो. आर्म उभा करून डावी-उजवीकडे हळू हलवा. निघत नसेल तर बुडाशी स्प्रे मारा आणि दहा मिनिटं चहा घ्या. आर्मचं डोकं बहुतेक वेळा ॲल्युमिनियमसारख्या ओतीव धातूचं आणि शाफ्ट पोलादी, ओल लागली की दोघांची घट्ट गाठ बसते. तरीही नाही निघाला तर बॅटरीचं टर्मिनल ओढून काढायचा छोटा पुलर वापरा. गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे तो असतोच.

स्क्रू ड्रायव्हर काचेवर टेकवून उचकटणं आणि मोटर गाडीत असताना शाफ्टच्या टोकावर हातोडी मारणं, या दोन गोष्टी कुणी कितीही सांगितल्या तरी करू नका. मागची काच टफन्ड असते. तिला तडा जात नाही, एका टोकदार ठोक्याला सगळी काच साबुदाण्यासारखी खाली येते.

आता आर्मच्या भोकात बघा. आतले बारीक दाते स्पष्ट हवेत. गुळगुळीत झाले असतील तर दोष इथेच आहे आणि फक्त आर्म बदलायचाय. शाफ्टवरचे दाते पोलादी असल्याने सहसा शाबूत असतात. नट सैल राहिला की आर्म त्यावर घसरत राहतो आणि स्वतःचे दाते खाऊन टाकतो. त्यात एपॉक्सी भरून चिकटवायचा उद्योग आठवडाभर टिकतो, पुढे आर्म शाफ्टवरून काढता येत नाही.

आर्मशिवाय बटण दाबून बघा. शाफ्ट जोमाने अर्धवर्तुळात हलत असेल तर मोटर चांगली आहे, थेट आठव्या पायरीवर जा.

४. बिजागरीजवळची रबरी नळी

वरच्या बाजूला बिजागरीजवळ बॉडीतून डिकीच्या दारात जाणारी सुरकुत्यांची काळी रबरी नळी दिसेल, कधी डावीकडे, कधी दोन्हीकडे. डिकी उघडली की तिच्यातल्या वायरी वाकतात, बंद केली की सरळ होतात. दहा-पंधरा वर्षांत हे हजारो वेळा झालेलं असतं. उन्हाने इन्सुलेशन आधीच कडक झालेलं, त्यामुळे वायर वाकण्याच्या नेमक्या जागी तुटते.

इथे दोष असेल तर वायपर एकटा कुरकुरत नाही. नंबर प्लेटचा दिवा, काच तापवणारा डिफॉगर, डिकीचं लॉक किंवा वरचा तिसरा ब्रेक लाइट यांपैकी काहीतरी त्याच्या जोडीने बिघडलेलं असतं. ब्रेक दाबला की नंबर प्लेटचा दिवा मंद होतो किंवा वायपर दचकतो, असं काही दिसलं तर अर्थची काळी वायर तुटली आहे. अर्थ नाही म्हटल्यावर करंट दुसऱ्याच दिव्यातून परतीची वाट शोधतो.

बॅटरीची मायनस वायर काढा. नळीची दोन्ही टोकं बोटांनी दाबून सॉकेटमधून सोडवा, फाटू देऊ नका. नळी एका बाजूला सरकवून एकेक वायर हाताने हलकेच ताणा. वरून चांगली दिसणारी वायर रबरासारखी लांबली तर आतलं तांबं तुटलेलं आहे आणि तिला फक्त प्लास्टिकने धरलंय. नुसतं बघून इथे फसगत होते, ताणूनच बघा.

दुरुस्तीचे तीन नियम:

एक, एका वेळी एकच वायर कापायची आणि जोडायची. चार सारख्या रंगांच्या वायरी एकदम कापल्या तर संध्याकाळ त्यातच जाईल.

दोन, तुटल्या जागीच जोड द्यायचा नाही. सोल्डर केलेली जागा कडक होते आणि वाकली की पुन्हा तिथेच तुटते. १५-२० सेंटिमीटरचा नवा मऊ तुकडा घाला म्हणजे दोन्ही जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर, एक बॉडीत आणि एक दारात, येतील. सगळ्या वायरींचे जोड एकाच ठिकाणी घेऊ नका, पुढेमागे ठेवा, नाहीतर त्या गाठी नळीतून जाणार नाहीत.

तीन, पिळा देऊन टेप गुंडाळायची नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळून ती सरकते आणि उघडी तार बॉडीला लागते. सोल्डर करा, वर श्रिंक स्लीव्ह. स्लीव्ह सोल्डर करण्याआधी वायरीत ओवायची असते, हे लिहायला हवं असं वाटत नाही, पण लिहितो.

वायपर आणि अर्थला दीड चौरस मिमी पुरते. डिफॉगर जास्त करंट ओढतो, त्याची वायर तुटलेली असेल तर अडीचची घाला.

नळीतूनच वॉशरची पातळ पाण्याची नळीही गेलेली असू शकते. ती चिरली असेल किंवा जोडातून निघाली असेल तर काचेऐवजी छताच्या कापडात किंवा पॅनेलच्या आत पाणी येतं. हात लागलाच आहे तर तीही बघून घ्या.

५. पॅनेल उघडा आणि वीज मोजा

डिकीच्या आतल्या प्लास्टिक पॅनेलचे स्क्रू बहुधा हँडलच्या खोबणीत किंवा छोट्या टोपणांखाली लपलेले असतात. ते निघाले की कडेला बोटं घालून क्लिपा एकेक करून ओढायच्या. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हे काम काढू नका, जुनं प्लास्टिक थंडीत काचेसारखं तडकतं. गाडी तासभर उन्हात ठेवा, ते नरम पडतं. सोलापूरच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

मोटरच्या कपलरमध्ये बहुतेक गाड्यांत तीन वायरी असतात: अर्थ, इग्निशन चालू असताना कायम येणारी १२ व्होल्टची पार्किंगची वायर, आणि बटणातून येणारी. काहींत चार असतात. कपलर काढा, बॅटरी परत जोडा, इग्निशन चालू करा.

मल्टिमीटरने मोजता येतं, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. वायरीत एकच तार शिल्लक असली तरी मीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतं, कारण मीटर करंट ओढत नाही. म्हणून टेस्ट लॅम्प. एक टोक बटणाच्या वायरीला, दुसरं कपलरमधल्याच अर्थला लावा आणि बटण दाबा. बल्ब लख्ख पेटला तर वीज मोटरपर्यंत येते आहे. मंद पेटला तर अर्थचं टोक दाराच्या उघड्या लोखंडाला लावून बघा. आता लख्ख झाला तर अर्थ खराब, तरीही मंद तर येणारी वायर खराब. पार्किंगच्या वायरीवरही हेच करा. मोटर जोडून चालू असताना कपलरवर मागच्या बाजूने मोजलेलं व्होल्टेज बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असू नये.

वीज नीट येत असेल तर पाळी मोटरची. तिला बॅटरीवरून थेट दोन वायरी द्या, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज हवाच. फिरली तर दोष कपलरच्या पिनांत आहे. कपलरपर्यंत वीजच येत नसेल तर वायरीबरोबर बटण किंवा रिले (बटणाच्या इशाऱ्यावर करंट सोडणारा स्विच) तपासा. आवाज आला पण फिरली नाही तर पुढे वाचा.

६. जाम शाफ्ट सोडवणं

आपल्याकडचा खरा गुन्हेगार हा, म्हणून इथे घाई नको.

मागच्या मोटरला गिअरचं एक छोटं घर जोडलेलं असतं. त्यातून एक नळी बाहेर येते आणि त्या नळीतून शाफ्ट काचेतून किंवा पत्र्यातून बाहेर डोकावतो. नळी ओतीव मिश्रधातूची, शाफ्ट पोलादी आणि दोघांमध्ये केसाएवढी फट. बाहेरच्या तोंडाशी पाणी अडवणारी एक ओ-रिंग (गोल रबरी कडी) असते. उन्हाने ती कडक होऊन तडकली की पाणी आत. मग नळीच्या आतून पांढरी पूड आणि शाफ्टवर तांबडा गंज, दोन्ही फुगतात आणि फट भरून निघते. बाहेरून स्प्रे मारून तात्पुरता सुटलेला शाफ्ट पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जाम होतो, कारण पूड आतच राहिलेली असते. म्हणून उघडायचंच.

बाहेरून शाफ्टच्या बुडाशी मोठा नट किंवा प्लास्टिकची टोपी असेल तर ती काढा. काही गाड्यांत ती नसते. आतून मोटरच्या पट्टीचे तीन बोल्ट काढा. मोटर हातावर घेऊन सरळ मागे ओढा, काचेच्या भोकात तिरकी करू नका. भोकातला रबरी ग्रोमेट (पाणी अडवणारं कडं) जपून ठेवा. तो दगडासारखा कडक झाला असेल तर नवा आणा.

टेबलावर आल्यावर:

गिअरच्या झाकणाचा फोटो काढा, मार्करने खुणा करा, मग स्क्रू उघडा. काही मोटरींचं झाकण रिव्हेटने बंद केलेलं असतं. ते ड्रिलने काढून नंतर बारीक नट-बोल्टने बसवता येतं. आत मोटरच्या शाफ्टचा वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला भाग), मोठं गिअर आणि त्याला जोडलेली पट्टी दिसेल. ही पट्टीच गोल फिरण्याचं डावी-उजवी हालचालीत रूपांतर करते. कुठला भाग कशावर आणि कुठली वायसर कुठे, याचे फोटो टप्प्याटप्प्याने घ्या.

शाफ्टच्या बाहेरच्या टोकाची सर्क्लिप काढा. ती उडते. वर टॉवेल धरा, नाहीतर ती सापडेपर्यंत अंधार होईल. तिच्याखालची वायसर आणि ओ-रिंगही काढा.

नळी उभी धरून तोंडाशी स्प्रे मारा आणि शक्यतो रात्रभर तशीच ठेवा. स्प्रे नसेल तर डिझेलही चालतं, फक्त जास्त वेळ घेतं. सकाळी नळीला हेअर ड्रायरने गरम करा. गॅसची ज्योत नको, ओतीव धातू आणि आतलं प्लास्टिकचं गिअर दोन्ही वाया जातील.

आता आर्मचा नट शाफ्टच्या टोकाशी समपातळीवर येईपर्यंत चढवा म्हणजे ठोकताना आटे वाचतील. नळीला खालून लाकडी ठोकळ्यांचा आधार द्या आणि लाकडी किंवा रबरी हातोडीने हलके ठोके घाला. मिलिमीटरभर सरकला की परत आत, पुन्हा स्प्रे, पुन्हा बाहेर. दात असलेल्या भागाला पक्कड लावू नका. पकडायचंच असेल तर आतल्या बाजूच्या पट्टीने फिरवा. हट्टी शाफ्टला या पुढे-मागे करण्यात अर्धा तास सहज जातो. जोरात एकच ठोका घालून नळीला तडा गेला तर मोटर खरोखरच भंगारात.

शाफ्ट निघाला की ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज काढा आणि ८०० ने गुळगुळीत करा. गोल गोल फिरवून घासा, एकाच बाजूला जास्त घासू नका. नळीच्या आत पेन्सिलीला पेपर गुंडाळून पांढरी पूड काढा. धातू खायचा नाही, फक्त पूड. डिझेलने धुवा, कोरडं पुसा. कोरडा शाफ्ट नळीत घातल्यावर स्वतःच्या वजनाने खाली सरकला पाहिजे. अडकत असेल तर अजून पूड आहे. खडखडत असेल तर नळी झिजली आहे, मग वायपर काचेवर उड्या मारेल.

गिअरवरचं जुनं मेणचट ग्रीस खरवडून काढा, गिअरचे दाते मोजून बघा, एखादा तुटलेला असेल तर गिअर किंवा मोटर बदलणं आलं. लिथियम ग्रीस शाफ्टला पूर्ण, गिअरला पातळ थर. घर ग्रीसने ठासून भरू नका, ते पार्किंगच्या चकतीवर जातं.

ओ-रिंग नवीच घाला. जुनी सोबत घेऊन बेअरिंगच्या किंवा पाण्याच्या पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात जा. शेतीच्या पंपांच्या गावात मापाची ओ-रिंग न मिळणं कठीण आहे. गाडीच्या स्पेअरच्या दुकानात हीच रिंग सुटी मागितली तर बहुधा पूर्ण मोटर दाखवतील.

काही गाड्यांत वॉशरचं पाणी पोकळ शाफ्टमधूनच बाहेर येतं. तुमची तशी असेल तर आतलं पाण्याचं सीलही बघा. ते गळत असेल तर प्रत्येक फवाऱ्याला गिअरच्या घरात पाणी जातं.

७. कार्बन आणि पार्किंग

थेट बॅटरी देऊनही मोटर गप्प असेल, पण हलक्या टकटकीने क्षणभर फिरत असेल, तर कार्बन झिजलेत. तयार मापाचे कार्बन मिळाले नाहीत तर मोटर रिवायंडिंग करणाऱ्याकडून थोडे मोठे घ्या आणि पॉलिश पेपरवर घासून मापात आणा. स्प्रिंगच्या दाबाने ते घरात अडखळल्याशिवाय सरकले पाहिजेत. तांब्याच्या कम्युटेटरवरचा (कार्बन ज्यावर घासतात त्या फिरत्या भागावरचा) काळा थर ८०० च्या पेपरने काढा.

वायपर मध्येच थांबतो अशी तक्रार असेल तर गिअरवरची किंवा झाकणातली तांब्याची चकती आणि तिच्यावर टेकणाऱ्या पत्त्या बघा. ग्रीस जळून काळं पडलेलं असतं. पुसा, पेपर मारा, पत्त्या किंचित वाकवून दाब वाढवा. बस.

८. परत बसवणं

इथे एकच चूक पुन्हा पुन्हा होते: मोटर कुठल्याही स्थितीत असताना आर्म बसवला जातो, बटण दाबलं की तो काचेच्या बाहेर जाऊन पत्र्यावर आपटतो. म्हणून आधी मोटर, ग्रोमेट आणि कपलर बसवा. आर्म न लावता वायपर चालू करून बंद करा. मोटर आपल्या पार्किंगच्या जागी जाऊन थांबेल. आता आर्म टेपच्या खुणेवर बसवा आणि नट आवळा.

नट घट्ट हवा पण छाती फुगवून नको. छोट्या पान्याने मनगटाचा जोर पुरे. मोठा पाना लावलात तर आर्मचं ओतीव डोकं चिरतं. काच ओली करून दहा-बारा फेऱ्या चालवा आणि नट पुन्हा एकदा बघा, थोडा बसलेला असतो.

पॅनेल लावण्याआधी बाहेरून शाफ्टभोवती दोन मिनिटं पाणी सोडा आणि आत टॉर्च मारा. थेंब दिसला तर ग्रोमेट नीट बसलेला नाही. पॅनेल लावल्यावर हे कळलं तर पुन्हा त्या क्लिपा.

मोटर घ्यावीच लागली तर

भंगारातली जुनी मोटर वाईट नाही, पण तुमचाच कपलर आणि शाफ्टची लांबी जुळते का ते जुनी मोटर शेजारी ठेवून बघा. दुकानातच बॅटरीवर चालवून दाखवायला सांगा. चालली तरी शाफ्ट खोलून ग्रीस करूनच बसवा, तीही त्याच उन्हात पडलेली असते. नव्या मोटरीसाठी चेसिस नंबर सांगा आणि पाकीट फोडण्याआधी परत घेण्याबद्दल विचारा. विजेचे भाग एकदा बसवले की परत घेतले जात नाहीत.

पाणी आणि ब्लेड

वॉशरमधून पाणी येत नसेल तर आधी टाकी बघा, मग पंपाचा आवाज ऐका. आवाज येतोय आणि पाणी नाही, तर नोझल क्षाराने बुजलंय. बोअरचं जड पाणी टाकीत भरल्याचा हा परिणाम. बारीक सुईने भोक मोकळं करा, नोझल काढता येत असेल तर तासभर व्हिनेगरमध्ये बुडवा. पुढे टाकीत आरओचं किंवा उकळून गाळलेलं पाणी घाला.

कोरड्या काचेवर वायपर चालवू नका. काळ्या मातीची धूळ रबराखाली पॉलिश पेपरचंच काम करते आणि काचेवर कमानीसारखा ओरखडा कायमचा राहतो. उन्हाळ्यातही पंधरवड्यातून एकदा पाणी मारून चार-पाच फेऱ्या चालवा म्हणजे शाफ्ट हलता राहतो.

मागचं ब्लेड बऱ्याच गाड्यांत १२ ते १४ इंचांचं असतं आणि त्याची खटकी पुढच्यापेक्षा वेगळी असते, म्हणून जुनं ब्लेड दुकानात सोबत न्या. नवीन रबर मे संपताना घाला. मार्चमध्येच घातलंत तर पहिला पाऊस येईपर्यंत ते उन्हाने कडक झालेलं असतं आणि काचेवर नुसतं किरकिरतं.